संतांची यादी

बेकरीच्या रांगेत दुब्राव्काच्या पुढे स्तोयांका उभी होती. स्तोयांका रक्तकेंद्रात झाडलोट करते, बावीस वर्षं करते, आणि केंद्रातल्या माणसांबद्दल तिला जे माहीत आहे ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसेल. मिलुंकाचा विषय निघाला. गेले नऊ दिवस गावात दुसरा विषयच नव्हता. काउंटरमागची बाई थराथरांचा गरम बुरेक कापता कापता म्हणाली, “कसली हो ही बाई, न तपासलेलं रक्त सोडून दिलं म्हणे!” त्यावर स्तोयांका फणकारली, “कॉम्प्युटर म्हणतो मिलुंकाने सोडलं. त्याला काय कळतंय? तिच्या नावाने तो डबा मीसुद्धा दहादा उघडलाय. तिच्या हातात ग्लोव्ह्ज असायचे, म्हणायची, स्तोयांका, जरा उघडून दे गं. पासवर्ड काय, तर अलिंपिये आणि पुढे बापाचं जन्मसाल. माहीत नाही कोणाला?” आणि दह्याची बाटली पिशवीत टाकून, मागे वळून न पाहता, ती गेलीसुद्धा.

दुब्राव्काला आधी काही वाटलंच नाही. काउंटरवरची बाई विचारत होती, खिम्याचा देऊ की चीजचा, आणि ती त्या बाईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मागून कोणीतरी खाकरलं. तिने दोन्ही मागितले, कशाला मागितले कोण जाणे, आणि बाहेर आली. कागदातून तूप पाझरून तळहाताला चटका बसत होता तरी तिने पुडी या हातातून त्या हातात घेतली नाही. फेब्रुवारी संपत आला होता, फुटपाथच्या कडेला काळं पडलेलं बर्फ होतं, आणि पुलावर पोचल्यावर स्तोयांकाचं बोलणं तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. माहीत नाही कोणाला? स्तोयांकाने हे एखाद्या बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं होतं. तिच्या आवाजात चोरी नव्हती, कुचकेपणा नव्हता. आपण आत्ता एका माणसाची अख्खी सुटका बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं. आणि ही सुटका ज्या एका माणसाला कळायला हवी होती ते माणूस रांगेत बरोबर तिच्या मागे बुरेकसाठी उभं होतं.

नऊ दिवसांपूर्वी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी रक्ताच्या चार पिशव्यांवर ‘तपासलं’ असा शेरा पडला. तपासणी तेव्हा अर्धीच झाली होती. एक पिशवी इस्पितळात पोचली, तिथल्या एका संशयी नर्सने पुन्हा तपासायला लावली म्हणून निभावलं. शेरा मारणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये होतं. मिलुंका म्हणाली, मी नाही, मी तेव्हा खाली रक्तदात्यांच्या खोलीत होते. खाली तिला पाहिल्याचं नक्की कोणालाच सांगता येईना. मग डायरेक्टरांनी कॉम्प्युटर विभागाला बोलावलं, म्हणजे दुब्राव्काला, कारण विभागात ती एकटीच. तिने पान छापून नेलं आणि टेबलावर ठेवलं. नाव, तारीख, वेळ. “दुसरं कोणी हिच्या नावाने शिरलं असेल का?” डायरेक्टरांनी विचारलं होतं, आणि तिने कॉफीचा कप बशीत ठेवत उत्तर दिलं होतं, “पासवर्ड पक्का आहे का ते प्रोग्राम बघतो. कच्चा असला तर घेतच नाही.” समोर मिलुंका बसली होती. एकसष्ट वर्षांची, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ती काहीच बोलली नाही. फक्त स्वेटरची बाही ओढून मनगट झाकलं, आणि मग त्याच मनगटाकडे बघत बसली. आता गुरुवारी बेलग्रेडहून समिती येणार होती आणि मिलुंकाचं लायसन काढून घेणार होती. त्यानंतर कोणत्याही प्रयोगशाळेत तिला नळ्या धुवायलासुद्धा कोणी उभं करणार नव्हतं.

पुलाच्या कठड्याला टेकून दुब्राव्काने ते आपलं वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. कच्चा असला तर घेतच नाही. किती गुळगुळीत वाक्य. किती आरामात सुटलं होतं ते तोंडातून. दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता की प्रत्येक संस्थेने लॉगिनला पासवर्डची तपासणी जोडावी, आणि तिने ती जोडली होती. काम दीड दिवसाचं. कोणी नवा पासवर्ड टाकला की प्रोग्राम त्याची लांबी बघतो, आकडे आहेत का बघतो, आणि मग तो शब्द एका जाडजूड यादीत शोधतो. यादीत असला तर नाही म्हणतो. यादी प्रोग्रामबरोबरच आली होती, हजारो शब्दांची, इंग्रजी. जोडून झाल्यावर तिने इमानेइतबारे चाचणी घेतली होती. इंग्रजीत माकड टाकलं, नाही म्हणाला. राजकन्या टाकलं, नाही म्हणाला. ड्रॅगन टाकलं, नाही म्हणाला. मग तिने समाधानाने अहवालाखाली सही केली. मोराव्हा नदीच्या काठच्या या केंद्रात आजवर कोणी ड्रॅगन हा पासवर्ड ठेवला असता तर दुब्राव्काने त्याला स्वतःच्या खर्चाने राकिया पाजली असती. आपल्या भाषेतला एकही शब्द तिने टाकून पाहिला नव्हता. का नाही पाहिला? कठड्याचं लोखंड कोटातून गार लागत होतं आणि हा प्रश्न काही केल्या हलत नव्हता. गंभीर गोष्टी परक्या भाषेत येतात अशी सवय झाली होती म्हणून? की चोर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी लांबच्या देशातला टोपी ओढून बसलेला पोरगा यायचा, स्तोयांका यायची नाही, ग्लोव्ह्ज घातलेले हात यायचे नाहीत, घाईत असलेला आपलाच एखादा डॉक्टर यायचा नाही, म्हणून?

आणि या गावात लोक काय ठेवतात हे तिला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येतो, आणि त्याच्या दिवशी, स्लावाला, दार उघडं असतं. आमंत्रण नसतं, ज्याला आठवण असते तो येतो. कोणाचा कोणता संत हे लक्षात ठेवणं ही इथली साधी माणुसकी आहे, विसरलात तर वर्षभर बोलणं खावं लागतं. मिलुंकाचं तर महाभारत झालं होतं. नवरा सोडला तेव्हा नवऱ्याचा निकोला तिने त्याच्या फर्निचरबरोबर त्याच्याकडेच ठेवला आणि माहेरचा अलिंपिये परत घेतला. व्हिएन्नातला भाऊ फोनवर ओरडला होता, संत मुलाकडे जातो, मुलीकडे नाही! मिलुंका म्हणाली होती, मग लाव मेणबत्ती, बघते. त्याने लावली नाही. हिने लावली. तेव्हापासून नऊ वर्षं झाली, दर नऊ डिसेंबरला अख्खं केंद्र तिचे तीन जिने चढून जायचं, दारात चमचाभर गोड गहू तोंडात टाकायचं, आणि मग कोबीच्या पानातली सारमा इतकी खायचं की उतरताना जिने मोजावे लागायचे. दुब्राव्का नऊही वेळा गेली होती. मिलुंका प्रत्येक वेळी बापाचा फोटो दाखवायची, एकतीस सालचा जन्म म्हणायची, आणि सांगायची की याचं नाव कोणीतरी चालवायला नको का? तो शब्द मिलुंका रोज सकाळी कॉम्प्युटरमध्ये का घालत असेल हे ओळखायला काय लागत होतं? तीन वेळा टाकायची मुभा दिली असती तर दुब्राव्का पहिल्याच वेळी आत शिरली असती.

तिचा स्वतःचा काय होता? हा प्रश्न मनात आला तशी ती पुलावर एकटीच हसली. मीतर. एकोणीस वर्षं तोच, पुढचा आकडा तेवढा बदलायचा. मीतर हा तिच्या वडिलांच्या घरचा संत, आणि वडील सैन्यात अधिकारी, कम्युनिस्ट पार्टीचे सभासद, त्या काळात अधिकाऱ्याच्या घरात संताचं नाव निघत नसे. आठ नोव्हेंबरला त्यांच्याकडे वडिलांचा वाढदिवस असायचा. खरा वाढदिवस मार्चमध्ये. नोव्हेंबरात आई पडदे ओढून घ्यायची, केकच्या शेजारी एक मेणबत्ती जरा जास्तच जाड असायची, आणि काका-काकू हळू आवाजात म्हणायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि डोळे मिचकावायचे. पहिलीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, काल कोणाकडे काय झालं, आणि सात वर्षांच्या दुब्राव्काने अभिमानाने उभं राहून सांगून टाकलं, आमच्याकडे मीतरचा दिवस झाला, पण बाहेर वाढदिवस म्हणायचं असतं. बाईंनी मान डोलावून तिला खाली बसवलं. पुढल्या वसंतात वडिलांची बदली दूर सरहद्दीवरच्या छावणीत झाली आणि वरची जागा दुसऱ्याला मिळाली. वडिलांनी मरेपर्यंत त्यावरून तिला एक अक्षर म्हटलं नाही. आईने एकदाच, इस्त्री करताना, पाठमोरं राहून म्हटलं होतं, तुला सांगायलाच नको होतं. तेव्हा तो शब्द खरोखर आत ठेवायचा शब्द होता. आता तोच शब्द कपांवर छापतात, गाडीच्या काचेला चिकटवतात, आणि माणसं अजूनही त्यालाच कुलूप समजतात. ती स्वतःही समजत होती. इतका कधी राग आला नव्हता तिला कोणाचा जितका त्या घटकेला स्वतःचा आला, आणि नवल म्हणजे त्या रागाने तिला बरं वाटलं.

केंद्रात पोचल्यावर तिने कोट न काढताच काम सुरू केलं. आवक-जावक विभागात कोसारा बसते, तिच्या मागच्या भिंतीवरून चर्चचं कॅलेंडर उतरवून आणलं. “कोणाचा दिवस विसरलीस वाटतं?” कोसाराने विचारलं. “सगळ्यांचाच,” दुब्राव्का म्हणाली. दुपारपर्यंत यादी झाली, अठ्ठ्याहत्तर संत, त्यांची लाडाची नावं, त्यांच्या दिवसांची नावं. पुढे-मागे कोणताही आकडा लावला तरी प्रोग्राम तो सोलून आतला संत ओळखेल अशी व्यवस्था तिने केली. नुसतं नव्या पासवर्डांपुरतं ठेवलं असतं तर जुने तसेच राहिले असते, म्हणून तपासणी तिने थेट दारातच बसवली. रोजच्यासारखं लॉगिन करताना शब्द टाकला की यादीशी ताडून बघायचा, सापडला तर बदलल्याशिवाय आत घ्यायचं नाही. शेवटी एक मोजणी जोडली. कोण अडलं, कोणता शब्द, यातलं काहीही लिहून ठेवायचं नाही. फक्त किती जण अडले तो आकडा. दुसऱ्यांचे शब्द उघडे पाडायचा तिला अधिकार नव्हता, आणि सात वर्षांची असताना जे झालं ते एकदा पुरे होतं. मग तिने स्वतः बाहेर पडून परत आत यायचा प्रयत्न केला. पडद्यावर तिनेच लिहिलेलं वाक्य उमटलं, ‘हा शब्द सगळ्यांना माहीत आहे.’ मोजणीत एक पडला. तिने कोट काढला आणि खिम्याचा बुरेक खाल्ला, चीजचाही खाल्ला.

मंगळवारी सकाळी साडेसातपासून फोन सुरू झाले. पहिली दहा मिनिटं ती उत्तरं देत होती, मग तिने रिसीव्हर नुसता कानाला लावला. “अगं दुब्राव्का, निकोला टाकला, नाही घेत! लुका टाकला, नाही घेत! आता काय बायकोच्या माहेरचा टाकू?” “टाकून बघ,” ती म्हणाली. पलीकडून खडखड ऐकू आली आणि मग, “बाई गं, त्यालाही नाही म्हणतो!” कॉरिडॉरमध्ये तर जत्राच भरली होती. माणसं एका दारातून दुसऱ्या दारात आपापले पासवर्ड ओरडून सांगत होती, आणि ते अडले म्हणून चिडत होती. जिन्यात एक रक्तविकारतज्ज्ञ, एरवी दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलत नाही असा माणूस, तिला अडवून म्हणाला, “इंजिनीयरबाई, माझ्या आजोबांनी तुर्कांच्या वेळेपासून आलेला संत सांभाळला, आणि तुमचं यंत्र म्हणतं कच्चा?” ती म्हणाली, “संत पक्का आहे, डॉक्टर. पासवर्ड कच्चा आहे.” तो पुटपुटत वर गेला. कोसाराने तर सरळ संप केला. तिने आपला कॉम्प्युटर बंद करून वर पानं असलेली कुंडी ठेवली आणि दुब्राव्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जाहीर केलं की मी काही नवा शोधत नाही, माझ्या डोक्यात आता जागा नाही, मी आपली हाताने लिहीन. आणि कपाटातून जुनं आवक-जावकचं पुस्तक काढलं. दुपारी तीन वाजता दुब्राव्काने मोजणी बघितली. केंद्रात दोनशे चौदा माणसं. अडलेली एकशे एकतीस. हा आकडा म्हणजे मिलुंकाचं नाव त्या छापील पानावरून पुसलं जाणं होतं. आणि त्याच जागी दुब्राव्काचं स्वतःचं नाव येणं होतं. दोन्ही एकाच वेळी होत होतं, एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं.

बुधवारी सकाळी डायरेक्टरांनी बोलावलं. वेलिझार वाईट माणूस नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच पंचाईत होती. त्याने हे केंद्र बाँब पडत होते त्या वसंतात जनरेटरवर चालवलं होतं. त्याने स्वतः उठून दार लावलं, तिच्यासाठी कॉफी ओतली.

“इंजिनीयरबाई, काढून टाका ते.”

“काय काढू, डॉक्टर?”

“माहीत असून विचारू नका. ते संतांचं. आणि तुमचा तो आकडाही. शुक्रवारी परत बसवा, मी स्वतः तुमचं कौतुक करीन, बक्षीस देईन. पण उद्या ते लोक येतायत.”

“उद्या येतायत म्हणूनच राहू दे म्हणते मी. मिलुंकाच्या नावाने कोणीही शिरलं असू शकतं.”

“कोणीही.” वेलिझारने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचे डोळे चष्म्याशिवाय फार थकलेले दिसले. “त्याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? या केंद्रातून दोन वर्षांत जेवढ्या पिशव्या गेल्या त्यातल्या कुठल्याच पिशवीवर कोणाची खरी सही नाही, असा अर्थ होतो. ते कुलूप लावतील. चार तालुक्यांचं रक्त कुठून आणायचं? एका बाईसाठी?”

“एका बाईने केलं नसेल तर?”

“मला कुठे म्हणायचंय तिने केलं! तिला मी पेन्शनीपर्यंत कुठेतरी चिकटवीन. शब्द देतो.” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “आणि तुमचं काय? अहवालाखाली सही कोणाची आहे? माझी नाही. ते मला नाही धरणार, बाई. तुम्हाला धरतील. मी तुम्हाला वाचवतोय.”

ते खरं होतं. त्याचा एकेक शब्द खरा होता, आणि खोलीत गरम कॉफीचा वास होता, रेडिएटर टकटक करत होता, आणि दुब्राव्काच्या मनात एक मऊ, ओळखीची गोष्ट हळूच हलली. हो म्हण. शुक्रवारपर्यंतच तर आहे. दोन ओळींचं काम. एकावन्नाव्या वर्षी कुठे जाशील? घरात नवऱ्याची अर्धीच नोकरी, मुलगी नोव्ही सादला शिकतेय. या मऊपणाला ती आयुष्यभर शहाणपण म्हणत आली होती. पडदे ओढून घेणं शहाणपण, वाढदिवस म्हणणं शहाणपण, वरून आलेली यादी आहे तशी जोडून सही करणं शहाणपण. आणि मग तिला एकदम ते मनगट दिसलं, बाही ओढून झाकलेलं. मिलुंका त्या दिवशी भांडली का नव्हती? नवऱ्याशी भांडली, भावाशी भांडली, एका संतासाठी नऊ वर्षं कोणाला भीक घातली नाही, मग त्या टेबलाशी गप्प का बसली? दुब्राव्काच्या वाक्यापुढे गप्प बसली. कच्चा असला तर घेतच नाही. बिचारीला वाटलं असणार, यंत्राने माझा बाप पक्का ठरवलाय, आता मी काय बोलू.

“नाही काढणार,” दुब्राव्का म्हणाली.

“हुकूम देतो मी तुम्हाला.”

“लेखी द्या.”

वेलिझारने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्याने कागद ओढला आणि खरोखर लिहिलं, तीन ओळी, सही केली. तिला वाटलं होतं तो लिहिणार नाही. तिने कागद घेतला, त्याच्यासमोरच वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

आपल्या खोलीत येऊन तिने उत्तर लिहिलं. इतक्या वर्षांत तिने लिहिलेला हा पहिलाच सरळ कागद. दोन वर्षांपूर्वी पासवर्डची तपासणी मी जोडली. त्यातली शब्दांची यादी परकी होती, या देशातली माणसं जे शब्द ठेवतात ते तिच्यात नव्हते. मी ते बघितलं नाही आणि तपासणी पुरेशी आहे असं लिहून सही केली. ते खोटं होतं. परवा यादी दुरुस्त केल्यावर दोनशे चौदापैकी एकशे एकतीस पासवर्ड सहज ओळखता येणारे निघाले, त्यात माझा स्वतःचा होता. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये मिलुंकाचं नाव आहे यावरून ते काम मिलुंकाने केलं असं सिद्ध होत नाही. तपासणी काढून टाकण्याचा लेखी हुकूम मला मिळाला आहे, तो सोबत जोडला आहे. मी तो पाळणार नाही. खाली पूर्ण नाव, दोन प्रती.

पण इथे कागद लिहून काही होत नाही. इथे कागदावर आवकचा नंबर पडून शिक्का बसेपर्यंत तो कागद जन्मलेलाच नसतो, तो कोणाच्या खणात गेला, कोणी फाडला, कोणी विचारत नाही. आणि नंबर पडला की मग देवही त्याला मारू शकत नाही, कारण पुढचा नंबर त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. म्हणून ती खाली कोसाराकडे गेली. कोसारा कुंडीमागे बसून जाड पुस्तकात हाताने लिहीत होती, बोटं शाईने निळी झाली होती, आणि दुब्राव्काला बघून तिने मुद्दाम मान वर केली नाही.

“आता काय बंद करायला आलीस? दिवे?”

“हे आवकला घे.”

कोसाराने कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागली. ओठ हलवत वाचते ती. अर्ध्यावर आली असेल तेव्हा दारात वेलिझार उभा राहिला. तो जिना उतरून आला होता, धापा टाकत होता.

“कोसारा, तो कागद माझ्याकडे द्या.”

कोसाराने बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि वर बघितलं, आधी त्याच्याकडे, मग दुब्राव्काकडे. अठ्ठावन्न वर्षांची बाई. हिचा मुलगा याच डायरेक्टरच्या चिठ्ठीवर ड्रायव्हर म्हणून लागला होता, हे तिघांनाही माहीत होतं. दुब्राव्काला तिला सांगावंसं वाटलं, राहू दे, दे त्यांना. पण हे बोलणं तिच्या वाट्याचं नव्हतं.

“वाचून होऊ द्या की, डॉक्टर,” कोसारा म्हणाली आणि शेवटपर्यंत वाचलं. मग पुस्तक ओढून त्यात तारीख घातली, नंबर घातला, तोच नंबर कागदाच्या डोक्यावर दोन्ही प्रतींवर घातला, शिक्क्यावर हाऽऽ करून फुंकर मारली आणि ठोकला. टेबल हललं. कुंडीतलं एक पान गळून पडलं.

“कोसारा!”

“नंबर पडला, डॉक्टर. कॉम्प्युटर असता तर तुम्ही हिला सांगून पुसलंही असतंत. हे पुस्तक आहे. आता तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर लेखी आणा, पुढचा नंबर मोकळा आहे.” आणि एक प्रत दुब्राव्काच्या अंगावर जवळजवळ फेकत ती म्हणाली, “घे, आणि माझ्याकडून थँक्यूची अपेक्षा करू नकोस. तुझ्यामुळे दोन दिवस बोटं दुखतायत माझी.”

मिलुंकाचे तीन जिने दुब्राव्का पहिल्यांदाच डिसेंबर नसताना चढली. जिन्यात सारमाचा वास नव्हता, कोणाचे बूट बाहेर नव्हते. दार उघडायला वेळ लागला. मिलुंका घरच्या गाऊनमध्ये होती, केस विंचरलेले नव्हते, आणि तिने आत ये म्हटलं नाही. दुब्राव्काने कागद पुढे केला. मिलुंकाने तो दारातच उभं राहून वाचला, एकदा, आणि मग खालच्या ओळी पुन्हा. वरच्या मजल्यावर कोणीतरी गालिचा झटकत होतं.

“म्हणजे त्या दिवशी तू जे बोललीस ते तू बघितलंच नव्हतंस.”

“नाही.”

“आणि मी तिथे बसून विचार करत होते की मीच केलं असेल, विसरले असेन. इतके दिवस, दुब्राव्का. रोज त्या दुपारी मी कुठे होते ते आठवत बसले. म्हातारी झाले, डोकं गेलं, असं वाटलं मला. कळतंय तुला?”

दुब्राव्काने मान हलवली. माफ कर म्हणायला ती आली होती, पण तो शब्द इतका हलका होता की तो काढायची तिला लाज वाटली.

मिलुंकाने नखाने एका ओळीवर रेघ ओढली. “इथे लिहिलंयस, मिलुंकाने केलं असं सिद्ध होत नाही. मिलुंकाने केलं नाही, असं नाही लिहिलंस.”

“ते मला माहीत नाही, मिलुंका. मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलंय.”

मिलुंकाने कागदाची घडी घातली. आता दार लावून घेईल, दुब्राव्काला वाटलं, आणि लावलं असतं तरी तिचं काही म्हणणं नव्हतं. पण मिलुंकाच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून काहीतरी वर चढलं. ते हसू नव्हतं, पण ती भावाशी फोनवर भांडायची तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “तुला माहीत नसलेल्या गोष्टीवर सही करून आली असतीस तर तुझ्यासमोर फाडला असता. उद्या किती वाजता येतायत ते?”

“दहाला. तुला नाही बोलावलेलं. कागदावरच ठरवणार होते.”

“मला कोण बोलावतंय!” मिलुंका म्हणाली आणि केस मागे सारत आत वळली. “साडेनऊला फाटकाशी थांब. बरोबर जाऊ. तुझी नोकरी जाईल ना?”

“जाईल बहुतेक.”

“मग चांगला कोट घाल,” मिलुंका म्हणाली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, हँगर एकमेकांवर आपटले, आणि दार उघडंच होतं म्हणून दुब्राव्का आत गेली.